लेकराचं बोलणं स्पष्ट करायचंय तर आधी कान बघा, "म्हण बघू" सगळ्यात शेवटी

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका गावात मी बालवाडीला शिकवते. दर जूनला नवीन पोरं येतात आणि त्यांच्या आया मला एकच गोष्ट करून दाखवतात. पोराला पुढ्यात उभं करायचं, हनुवटी धरायची आणि "म्हण काका, ताता नाही, का-का, म्हण बघू". पोरगं ताता म्हणतं. परत म्हण. परत ताता. चौथ्या वेळेला त्याचा चेहरा पडतो आणि मग पुढचे आठ दिवस ते माझ्याशीही बोलत नाही.

आईची माया खोटी नाही, खरं ती शेवटची पायरी पहिल्यांदा चढायला बघते. आधी कान, मग घरातलं बोलणं, मग शब्द, मग एकेक अक्षर ऐकून ओळखणं आणि त्यानंतर ते तोंडातून काढणं, असा हा क्रम आहे आणि तो मोडला की महिनोन्महिने वाया जातात. खाली लिहिलंय ते साधारण १ ते ६ वर्षांच्या पोरांसाठी.

१. पहिला आठवडा काही शिकवू नका, फक्त लिहून काढा

एक वही घ्या. पोरगं जे शब्द बोलतं ते जसं बोलतं तसेच लिहा. "गाडी" ला "दाडी" म्हणत असेल तर दाडीच लिहा, बाजूला खरा शब्द. मोबाईलवर दिवसातून एकदा २-३ मिनिटांचं रेकॉर्डिंग करा, पण त्याला बोलायला लावून नाही, ते खेळत असताना, जेवत असताना. दुसरं म्हणजे कोणाला किती कळतं ते लिहा. आईला सगळंच कळतं म्हणून आईचं मत इथं धरू नका. पोराला बरोबर घेऊन कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात जा, त्याला स्वतः बिस्किट मागू द्या आणि दुकानदाराला कळलं का बघा, तुम्ही मध्ये बोलू नका.

आपल्याकडे एक गोष्ट सगळे विसरतात ती म्हणजे शब्द मोजताना दोन्ही भाषांतले मोजायचे. पोरगं आईला "पाणी" आणि शेजारच्या अज्जीला "नीरु" म्हणत असेल तर ते दोन शब्द झाले. मराठीतले १५ आणि कन्नडमधले १५ येत असतील तर त्या पोराकडे ३० शब्द आहेत, अर्धवट १५ नाहीत.

वयाचा ढोबळ हिशेब असा. दीड वर्षाला आई-बाबा सोडून निदान तीनेक शब्द. २ वर्षांना दोन शब्द जोडून, "दूध दे", "बाबा गेला" असं. अडीच वर्षांपर्यंत ५० च्या आसपास शब्द. ३ वर्षांना परक्या माणसाला बहुतेक बोलणं कळायला पाहिजे आणि चार-साडेचारला जवळजवळ सगळं, एखाददुसरं अक्षर चुकलं तरी चालेल.

अक्षरं येण्याचाही क्रम असतो. ओठांची प, ब, म पहिली. मग त, द, न. क आणि ग बऱ्याच पोरांना साडेतीनपर्यंत नीट येत नाहीत आणि त्यात काही वावगं नाही. स, श, ल आणि जोडाक्षरं चार-पाचच्या आसपास. र आणि ळ त्याच्याही मागून, र तर कधीकधी ६ पर्यंत. म्हणजे अडीच वर्षांचं पोरगं "लाम" म्हणालं तर ते राम शिकायच्या रांगेत आहे, त्याचं काही बिघडलेलं नाही.

तपासा: वहीत शब्दच कमी आहेत की शब्द भरपूर आहेत पण उच्चार कळत नाही? दोन्हीचा इलाज वेगळा आहे. शब्द कमी असतील तर टप्पा ५ च्या पुढे जाऊच नका.

२. कान. हा टप्पा कुणीही सोडू नका

माझ्या धाकट्याच्या वेळेला मीच हा टप्पा सोडला होता म्हणून ठासून सांगते. आमच्या भागात, जांबोटी-कणकुंबीकडं तर विचारूच नका, पाऊस लागला की चार महिने पोरांची नाकं वाहतात. त्याचंही तसंच होतं. हाक मारली की कधी बघायचा, कधी नाही, आम्हाला वाटायचं हट्टी आहे. एक वर्ष मी त्याच्याकडून शब्द घोकून घेतले आणि शेवटी कळलं की सर्दीमुळे त्याच्या दोन्ही कानांच्या पडद्यामागे पाणी साठलं होतं. तो सगळं पाण्यात बुडून ऐकल्यासारखं ऐकत होता आणि जसं ऐकत होता तसंच बोलत होता. त्याची काहीच चूक नव्हती आणि मी त्याच्यावर ओरडत होते, ते आजही मनातून जात नाही.

पडद्यामागच्या ह्या पाण्याने कान दुखेलच असं नाही, ताप येईलच असं नाही. बऱ्याचदा ते तीनेक महिन्यांत आपोआप ओसरतं पण राहिलं तर डॉक्टरांनी बघायला पाहिजे.

मागे उभं राहून टाळी वाजवणं किंवा ताट आपटणं ही तपासणी नव्हे. ज्याला स आणि श ऐकू येत नाही त्याला दार आपटलेलं छान ऐकू येतं. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा आणि ऐकण्याची तपासणी मागा. अगदी लहान बाळांसाठी ओएई आणि बेरा ह्या तपासण्या असतात, त्यात बाळाने काही सांगायची गरज नसते, झोपेतसुद्धा होतात. पडद्यामागचं पाणी टिंपॅनोमेट्री नावाच्या कानाच्या पडद्याच्या तपासणीत कळतं. जन्मल्यावर झालेली तपासणी नॉर्मल होती म्हणून आता नको असं म्हणू नका, पाणी नंतर साठतं.

पैशाची अडचण असेल तर अंगणवाडी सेविकेला विचारा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे, त्याची टीम अंगणवाडीत आणि सरकारी शाळेत येते, जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांना मोफत बघते आणि त्यांच्या यादीत ऐकणं आणि बोलण्यातला उशीर दोन्ही आहे. टीम यायच्या दिवशी पोराला घरी ठेवू नका, "सर्दी आहे, आज नको" असं तर अजिबात नको, सर्दी असलेल्यालाच बघून घ्यायचंय.

सावधान: कानात कोमट तेल, लसणीचं तेल काही घालायचं नाही.

३. तोंड बघा, पण हात लावू नका

पोरगं जीभ ओठांच्या बाहेर काढू शकतं का, वरच्या ओठाला लावू शकतं का बघा. बाहेर काढताना टोक मध्ये ओढलं जाऊन बदामासारखं दिसत असेल तर जिभेखालची तार आखूड असू शकते, डॉक्टरांना दाखवा. खरं जीभ चिकटली म्हणून पोरगं बोलायलाच लागलं नाही असं नसतं, तारेमुळे शब्द उशिरा येत नाहीत, फार तर काही अक्षरं अडतात. गावात कुणी नखाने नाहीतर ब्लेडने तार तोडून देतो म्हणेल तर तिथून उठून या. बोलताना सगळा वारा नाकातून येत असेल किंवा दूध पिताना नाकातून बाहेर येत असेल तर मात्र टाळू तपासायलाच पाहिजे.

आता वेखंड. आपल्याकडे मराठी घरात वेखंड म्हणतात, कन्नड घरात बजे म्हणतात, आणि दोन्ही घरांतल्या आज्ज्या ते मधात उगाळून जिभेला लावतात, वाचा फुटावी म्हणून. आज्जीचा मान ठेवून सांगते, वेखंडाने उच्चार येत नाही, पोटात गेलं तर पोराला उलट्या होऊ शकतात, आणि १ वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवणं तर धोक्याचं आहे, त्यातून बॉट्युलिझम नावाचं विष बाधण्याचा गंभीर आजार होऊ शकतो. तोंडात गोटी किंवा खडा ठेवून बोलायला लावणं हेही बंद, घशात गेला तर जीव जाईल.

शिट्टी फुंकणं, मेणबत्ती विझवणं, जीभ वर-खाली करणं ह्याने क किंवा र येत नाही. खेळ म्हणून करा, इलाज म्हणून वेळ घालवू नका. अक्षर यायला अक्षरच बोलावं लागतं.

४. घरातली भाषा ठरवा

बेळगावात हा प्रश्न रोज येतो. घरी मराठी, गल्लीत कन्नड, शेजारी हिंदी-उर्दू, शाळा इंग्लिश मिडियम. मग कोणीतरी सांगतं की पोरगं गोंधळलंय, एकच भाषा बोला, आणि आई मराठी सोडून "कम हिअर, सिट, ईट" एवढ्यावर येते. पोराच्या वाट्याला दिवसभरात वीस-पंचवीस इंग्लिश शब्द येतात आणि गोष्ट, गप्पा, रागावणं, लाड सगळं आटून जातं.

दोन-तीन भाषा ऐकल्याने बोलणं बिघडत नाही आणि उशीरही होत नाही. ज्या भाषेत तुम्हाला न अडखळता रागावता येतं आणि हसवता येतं तीच पोराशी बोला. आज्जी कन्नड बोलत असेल तर तिला कन्नडच बोलू दे, तिचं तोडकं मराठी पोराला देऊ नका. पोरगं एका वाक्यात "मला हालु बेकु" म्हणालं तर ते भाषा जोडतंय, दूध मागतंय, दूध द्या आणि तुमच्या भाषेत पूर्ण वाक्य म्हणा.

आपली बोली म्हणजे दोष नाही. "काय करालास", "तिकडं हुतं", "पानी", "लोनी" असं घरातले मोठे बोलत असतील तर पोरगंही तसंच बोलणार, त्याला स्पीच थेरपीची, म्हणजे बोलणं सुधारायच्या उपचाराची, गरज नाही. बाहेरून आलेल्या शिक्षकांनीही हे समजून घ्यावं. तसंच बोलीतल्या कन्नडमध्ये ख, घ, भ यांचा श्वास पुष्कळदा हलका होतो, म्हणून दिवसभर कन्नड शेजारात खेळणारं पोरगं "घर" ला "गर" म्हणालं तर ते ऐकलेलंच बोलत असेल. आधी बघा घरात कोण कसं बोलतं, मग चूक ठरवा.

५. रोजच्या कामात बोलणं भरा (निदान ६ ते ८ आठवडे)

इथं सगळ्यात जास्त वेळ द्या. वेगळा तास नको. आंघोळ, भाकरी थापणं, कपडे वाळत घालणं, बसस्टॉपवर थांबणं, ह्यातच करायचं.

खाली बसा, त्याच्या डोळ्यांच्या उंचीला या. त्याला तुमचं तोंड दिसलं पाहिजे, ओटा पुसत पाठमोरं बोललेलं निम्मं वाया जातं. ते ज्याच्याकडे बघतंय त्याबद्दल बोला, तुम्हाला शिकवायचंय त्याबद्दल नाही. छोटी पूर्ण वाक्यं: "म्हैस आली. काळी म्हैस. म्हैस गवत खाते."

मग थांबा. मनात १० पर्यंत मोजा. हे फार अवघड जातं, आपल्याला शांतता सहन होत नाही आणि आपणच उत्तर देऊन मोकळे होतो. दहा मोजेपर्यंत नजर त्याच्यावर ठेवा, ओठ हलायला लागतील.

त्याने चुकीचं म्हटलं तर "नाही, असं म्हण" नको. बरोबर शब्द आपल्या वाक्यात घालून परत द्यायचा.

पोरगं: "ताता आला."
तुम्ही: "हो, काका आला! काकानी काय आणलंय? काकाच्या पिशवीत कुंदा आहे काय?"

एका चुकीला तीन वेळा बरोबर शब्द त्याच्या कानावर पडला आणि त्याला कुणी चूक म्हटलं नाही.

भू-भू, हम्मा, चिऊ, भुर्र हे शब्द दोन वर्षांपर्यंत खुशाल वापरा, छोटे आणि आवाजाचे शब्द पोरांना लवकर येतात. फक्त जोडीला खरा शब्द म्हणा, "भू-भू आला, कुत्रा आला". पण पोराचा चुकलेला उच्चार गोड वाटतो म्हणून आपणही "तल, तालेत दायचं" असं बोलायचं नाही. पाहुणे आले की त्याला तोच चुकलेला शब्द बोलायला लावून हसायचं तर मुळीच नाही, त्याला ते कळतं.

मोबाईल: जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनेत १ वर्षाच्या बाळाला स्क्रीन नकोच म्हटलंय आणि २ ते ४ वर्षांना दिवसाला एक तासाच्या आत, तेही जितकं कमी तितकं बरं. जेवताना मोबाईल लावला की दिवसातला बोलायचा सगळ्यात चांगला अर्धा तास गेला, माझा राग त्याच्यावर जास्त आहे.

तपासा: ८ आठवड्यांनी परत वही काढा. नवीन शब्द आलेत का, दोन शब्द जोडतंय का? काहीच हललं नसेल तर पुढचे टप्पे न करता सरळ स्पीच थेरपिस्टकडे.

६. एकच अक्षर निवडा

साधारण ४ वर्षं पूर्ण झाल्यावरच इथं या. वहीतून असं अक्षर निवडा जे त्याच्या वयाला यायला पाहिजे होतं, रोजच्या शब्दांत सारखं येतं आणि निदान एखाद्या शब्दात तरी त्याला कधीतरी जमतं. चार वर्षांच्याला र नको. क आणि स दोन्ही चुकत असतील तर क आधी.

च आणि ज च्या मागे ह्या वयात लागू नका. चमचा ह्या एका शब्दातच दोन वेगळे च आहेत, पहिला चहातला, दुसरा चाकातला, आणि लिहिताना दोन्ही सारखेच. तक्त्यावर बोट ठेवून हे शिकवता येत नाही, ऐकून ऐकूनच बसतं.

७. आधी कानाने ओळखू दे

ज्याला फरक ऐकू येत नाही त्याच्या तोंडून तो येणार नाही. चित्रांच्या जोड्या करा, हाताने काढलेल्या चालतील:

क/त साठी कार आणि तार. स/त साठी साप आणि ताप. र/ल साठी रस आणि लस. ख/क साठी खार आणि कार. घ/ग साठी घर आणि फणसाचा गर. ळ/ल साठी माळ आणि माल.

दोन्ही चित्रं समोर ठेवा, तुम्ही शब्द म्हणा, त्याने बोट ठेवायचं. त्याने बोलायचं नाही. मग उलटं करा, तुम्ही मुद्दाम चूक करा, तार दाखवून "कार" म्हणा आणि त्याला पकडू दे, पोरांना हे फार आवडतं. १० पैकी ८ वेळा बरोबर आलं, सलग तीन दिवस, की पुढे.

८. आता तोंडातून

दिवसातून दोनदा ५-५ मिनिटं, आरशासमोर शेजारी-शेजारी बसून. झोप आली असेल, भूक लागली असेल तर त्या दिवशी सोडून द्या.

क, ग: उभं राहून गुळण्या करायला लावा, घशाजवळ कुठं गुदगुल्या होतात ते कळतं. मग तोंड मोठं उघडून, जिभेचं टोक खालच्या दातांमागे. टोक वर पळत असेल तर त्याला स्वतःच्या स्वच्छ बोटाने ते खाली धरू दे आणि "क" म्हणू दे. टोक खाली राहिलं की त येऊच शकत नाही.

स: दात मिटलेले, ओठ हसल्यासारखे, सापाचा लांब स्स्स्. लगेच "साप" म्हणायला लावलं की "स्ताप" येतं, म्हणून मध्ये थांबायचं, "स्स्स्... आप". ही फट हळूहळू कमी करायची. पुढचे दुधाचे दात पडले असतील तर नवीन येईपर्यंत थांबा.

ख: तोंडासमोर कागदाची बारीक पट्टी धरा. "खार" ला पट्टी चांगली हलते, "कार" ला नाही.

ळ: शब्दाच्या सुरुवातीला ळ येतच नाही, म्हणून एकटा "ळ" म्हणवून घेऊ नका. "आळ, ईळ, ऊळ" पासून सुरू करा, जिभेचं टोक मागे वळून टाळूला. मग बाळ, केळ, डोळे, शाळा. ण चंही असंच.

र: ५ पूर्ण झाल्यावर. "ड-ड-ड" भरभर आणि हलकं म्हणत जीभ टाळूला निसटती लागू द्या. नाही आलं तर सोडा, थेरपिस्ट शिकवेल.

क्रम असा: नुसतं अक्षर, मग का-की-कू, मग सुरुवातीला असलेले शब्द (कान, केस), मग शेवटी असलेले (नाक), मग मध्ये (टाकी), मग दोन शब्द, मग वाक्य. प्रत्येक पायरीला परत तेच, १० पैकी ८. ळ-ण ला सुरुवातीची पायरी गाळा.

नेहमीची चूक: शब्द आला की दुसऱ्याच दिवशी घरभर सगळे बोलता-बोलता त्याला अडवायला लागतात. वाक्यात दहातले आठ येईपर्यंत गप्पांमध्ये टोकू नका. सराव त्या पाच मिनिटांत, बाकी दिवसभर टप्पा ५.

९. अडखळत असेल तर हे सगळं थांबवा

अडीच ते चारच्या मध्ये बरीच पोरं "मी-मी-मी-मी जातो" असं अडखळतात, विचार पुढे पळतो. "हळू बोल", "श्वास घे", "परत सांग" म्हणायचं नाही, शेवटपर्यंत ऐकून घ्यायचं आणि आपणच सावकाश बोलायचं. सहा महिन्यांपेक्षा जास्त राहिलं, घरात कोणी अडखळत असेल, किंवा बोलताना डोळे मिटतं, मान ताणतं, तर दाखवा.

१०. कधी आणि कोणाकडे

वाट न बघता जायचं ते असं: दीड वर्षाला एकही शब्द नाही, २ वर्षांना दोन शब्द जोडत नाही, येत होते ते शब्द गेले, नावाने हाक मारली तर बघत नाही, ३ वर्षांना घरच्यांनाही कळत नाही, किंवा शब्दाचं पहिलंच अक्षर सगळीकडे गाळतं, "पाणी" ला "आणी", "भाकरी" ला "आकरी". "ह्याचे बाबापण उशिराच बोलले" म्हणून थांबू नका.

बेळगावात जिल्हा रुग्णालयात कान-नाक-घसा विभागात पहिल्यांदा जा, तिथून पुढं कुठं ते विचारा. म्हैसूरची ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ स्पीच अँड हिअरिंग ही ह्याच कामाची केंद्र सरकारची संस्था आहे, लांब पडते पण अवघड केस असेल तर जाण्यासारखी. खाजगी थेरपिस्ट असेल तर रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाचं रजिस्ट्रेशन आहे का सरळ विचारा, विचारण्यात अपमान नाही.

जाताना वही, रेकॉर्डिंग, कानाचा रिपोर्ट आणि पोराचं आवडतं खेळणं घ्या. कोण कुठली भाषा बोलतं ते एका कागदावर लिहून न्या: आई मराठी, बाबा मराठी-कन्नड, आज्जी कन्नड, शाळा इंग्लिश. थेरपिस्टला मराठी येत नसेल तर "एवढं कन्नड येत नाही" म्हणून पोराला नापास होऊ देऊ नका, पोराचे मराठी शब्द तुम्ही वहीतून वाचून दाखवा. आणि घरी करायचा सराव तिथंच त्यांच्यासमोर एकदा स्वतः करून दाखवा, म्हणजे तुमची चूक त्याच दिवशी कळेल.